व्यापाऱ्याची तिसरी वही

(सांगली परिसरातील दुकानदार, कारागीर व लघुउद्योजक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन.)



लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण वह्यांची पूजा करतो. कोऱ्या वहीवर स्वस्तिक काढतो, हळदकुंकू वाहतो आणि नव्या वर्षाचा पहिला जमाखर्च मांडतो. आज बहुतेकांचे हिशेब संगणकावर गेले असले, तरी वहीपूजन काही आपण सोडलेले नाही. याचे कारण उघड आहे. व्यापाऱ्याच्या जगात जे लिहिलेले नाही ते झालेलेच नाही, असा शिरस्ता आहे. तोंडी व्यवहार कितीही विश्वासाचा असो, रोजकीर्दीत तो उतरला नाही आणि खतावणीत त्याचे खाते पडले नाही, तर त्याला किंमत नाही. तेव्हा “आम्हा व्यापाऱ्यांना लिहिण्याची सवय नाही” असे जे नेहमी म्हटले जाते, ते मला मान्य नाही. समाजात सर्वांत नियमितपणे लिहिणारा वर्ग कोणता असेल, तर तो व्यापाऱ्यांचा.

मात्र या दोन वह्यांत आपल्या भांडवलाचा एक मोठा भाग कधीच नोंदला जात नाही. तो म्हणजे आपले ज्ञान. वीस-तीस वर्षे एकाच गादीवर बसून मालाची, हंगामाची आणि माणसांची जी पारख आपण कमावली, तिची नोंद ना रोजकीर्दीत होते, ना खतावणीत. त्यासाठी तिसरी वही घालावी, असे मी आज सुचवणार आहे. ही वही कागदाची नाही. आपल्या दुकानाचे स्वतःचे संकेतस्थळ असावे आणि त्यावर आपण आपल्या व्यवसायाविषयी, आपल्या नावाने, आपल्या भाषेत नियमितपणे लिहावे. याला इंग्रजीत ब्लॉग म्हणतात. आपण त्याला सरळ वही म्हणू.

गल्ल्यावर विरून जाणारे ज्ञान

आपल्या सांगलीचेच पाहा. हळदीच्या दुकानात रोज गिऱ्हाईक काय विचारते? राजापुरी आणि सेलम यांत फरक काय? हळकुंडे घेऊन दळून आणावीत की तयार पूड घ्यावी? गड्ड्याची हळद आणि हळकुंडाची हळद यांत कोणती चांगली? वर्षाची हळद भरायची तर कधी भरावी, आणि कीड लागू नये म्हणून काय करावे? दुकानदार या प्रश्नांची उत्तरे देतो. प्रेमाने देतो, अनुभवाने देतो. पण गिऱ्हाईक पायरी उतरले की ते उत्तर हवेत विरून जाते. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. तीस वर्षांत हजारो वेळा दिलेले उत्तर एकदाही कागदावर उतरत नाही.

शेजारच्या मिरजेत तंतुवाद्ये घडतात. पंढरपूरकडून येणारा भोपळा कसा निवडावा, तो किती वाळलेला असावा, तंबोऱ्याची जवारी केव्हा बिघडते आणि ती लावताना घोडी किती घासावी, हे तिथल्या कारागिराच्या बोटांना ठाऊक आहे. समजा, शिकागोत राहणाऱ्या एखाद्या मराठी मुलीच्या तंबोऱ्याचा नाद थंडीत एकाएकी बसला. ती कोणाला विचारणार? ती मोबाईलवर शोधते. तेथे तिला जे सापडते, ते ज्याने लिहिले त्याचे. मिरजेच्या कारागिराने लिहिले नसेल, तर त्या क्षणी त्या मुलीपुरती मिरज अस्तित्वातच नाही. ही केवळ एका वाद्याच्या दुरुस्तीची गोष्ट नाही. ज्याचे ज्ञान अस्सल आहे तो गप्प आहे आणि ज्याने ते कुठून तरी उचलले तो बोलतो आहे, अशी ही स्थिती आहे.

हळदीने शिकवलेला धडा

लिहून ठेवण्याचे मोल काय असते, हे आपल्या हळदीनेच सगळ्या देशाला शिकवलेले आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याबद्दल पेटंट देण्यात आले. कापले, खरचटले की चिमूटभर हळद दाबणे, ही तर आपल्या घराघरातील आजीची रीत. पण त्या वेळच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे परदेशात एखादी गोष्ट नुसती वापरात असणे पुरेसे नव्हते. तिचे वर्णन छापील स्वरूपात कोठेतरी उपलब्ध असावे लागे. कोट्यवधी आज्यांची साक्ष तिथे चालणार नव्हती. चालणार होता तो लेखी पुरावा.

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली या पेटंटला आव्हान दिले. जुने संस्कृत ग्रंथ शोधले गेले, १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला लेख काढला गेला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. यातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल ग्रंथसंग्रह करण्याचे राष्ट्रीय काम २००१ मध्ये सुरू झाले. आपण जिंकलो, कारण कोणीतरी कधीतरी ते लिहून ठेवले होते. हळद आपल्या स्वयंपाकघरात होती हे खरेच. पण निकाल फिरवला तो अक्षरांनी.

जून २०२५ मधील कोल्हापुरी चपलेचा प्रकार तर आपल्या सर्वांच्या ताज्या स्मरणात आहे. इटलीतील मिलान शहरात प्राडा या कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या गेल्या आणि कोल्हापूरचे नाव मात्र कोठेही नव्हते. महाराष्ट्रातून आक्षेप घेतला गेला, राज्याच्या व्यापारी संघटनेने पत्र लिहिले, तेव्हा भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे कंपनीने मान्य केले. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आधीच मिळालेले होते. पण मानांकनाचा कागद कचेरीत असतो आणि मालाची कथा लोकांच्या मनात असावी लागते. चामडे कसे कमावतात, वेणी कशी घालतात, एक जोड किती हातांतून जातो, हे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्यांनी स्वतःच्या नावाने किती लिहिले आहे? दुसऱ्याने आपले नाव घेतले नाही याचा संताप रास्तच आहे. परंतु आपले नाव आपणच लिहायचे, हे पहिले कर्तव्य आपले आहे.

किर्लोस्करवाडीची परंपरा

कोणी म्हणेल, कारखानदाराने माल करावा आणि दुकानदाराने तो विकावा. लेखन हे लेखकाचे काम. याचे उत्तरही आपल्याच जिल्ह्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढे लोखंडी नांगर बनवला. नांगर चांगला होता, पण लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत होता. म्हणजे अडचण मालात नव्हती, मनात होती. १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या जागेवर कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि अवघ्या दहा वर्षांत, १९२० मध्ये, तेथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. कारखान्याची, तेथील मालाची आणि माणसांची माहिती देणारे हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके त्याच घरातून निघाली आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या त्यांवर पोसल्या गेल्या.

ध्यानात घ्या, एका ओसाड माळावरच्या नांगराच्या कारखान्याने शंभर वर्षांपूर्वी हे केले. त्यासाठी छापखाना लागला, कागद लागला, टपालहशील लागले. आज यांतले काहीच लागत नाही. खिशातल्या मोबाईलवर मराठीत बोलले तरी अक्षरे उमटतात. साधने नव्हती तेव्हा त्यांनी लिहिले आणि साधने हाताशी असताना आपण गप्प बसलो, असे पुढच्या पिढीने का म्हणावे?

गिऱ्हाईक आता कोठे विचारते?

पूर्वी नव्या गावात आलेला माणूस शेजाऱ्याला विचारी, “इथे चांगला घड्याळजी कोण?” आता तो आधी मोबाईलला विचारतो. नकाशावर आपल्या दुकानाचे नाव, वेळ आणि दूरध्वनी क्रमांक असणे आवश्यकच आहे. ज्यांनी ते केले नसेल त्यांनी याच आठवड्यात करावे. पण नकाशा फक्त दुकान कोठे आहे एवढे सांगतो. त्याच दुकानात का जावे, हे तो सांगत नाही. ते आपल्या लिहिण्यातूनच कळते. “लोखंडी तवा गंजला तर काय करावे” याचे नेमके उत्तर ज्या भांडेवाल्याने लिहून ठेवले, त्याच्या दुकानाची पायरी ते गिऱ्हाईक मनाने आधीच चढलेले असते.

मोठमोठ्या कंपन्या आपल्याहून स्वस्त देतात, घरपोच देतात, परतही घेतात. सवलतीच्या शर्यतीत त्यांच्याशी आपला टिकाव लागणार नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण त्यांच्या गोदामात एक वस्तू नाही. ती म्हणजे माल ओळखणारा माणूस. हा माणूस आपल्या गल्ल्यावर आहे. तो बोलला तर दुकान टिकेल. तो अबोल राहिला तर त्याच्यात आणि गोदामात फरक तो काय राहिला?

आणखी एक गोष्ट. २०२२ च्या अखेरीपासून प्रश्नांना थेट उत्तरे रचून देणारे संगणकीय कार्यक्रम सर्वसामान्यांच्या हाती आले आहेत. ही उत्तरे कोठून येतात? जगात जे लिहिलेले आहे त्यातून. मराठीत, आपल्या गावच्या मालाविषयी, आपल्या हवापाण्याविषयी कोणी लिहिलेच नसेल, तर उत्तर येईल ते परक्या अनुभवाचे. म्हणून “यंत्रच लिहून देते, मग आपण कशाला कष्ट घ्यायचे” हा विचार उलटा आहे. यंत्राकडून लिहवून घेतलेला गुळमुळीत मजकूर कोणाच्याही दुकानावर चिकटवता येईल. तुमच्या गल्ल्यावर काल काय घडले, हे मात्र तुम्हालाच ठाऊक आहे.

वही आपल्या घरात असावी

“आमचा व्हॉट्सअॅप गट आहे, फेसबुकवर पान आहे, मग संकेतस्थळ कशाला?” असे अनेकजण विचारतात. गट आणि पाने जरूर ठेवावीत. तो आठवडी बाजार आहे, तेथे हजेरी लावलीच पाहिजे. पण बाजारात मांडलेले दुकान संध्याकाळी आवरावे लागते. ऑर्कुटवर एके काळी आपली सारी तरुण मंडळी होती. सप्टेंबर २०१४ मध्ये ते बंद झाले. गूगल प्लस २०१९ मध्ये बंद झाले. टिकटॉकवर आपल्या देशात जून २०२० मध्ये बंदी आली. ती बंदी योग्यच होती, पण ज्या लहान व्यावसायिकांनी आपली सगळी ओळख तेथेच उभी केली होती, त्यांची ती ओळख एका रात्रीत गेली. भाड्याच्या जागेत माल ठेवावा, वही ठेवू नये. ती आपल्या घरात असावी.

शिवाय व्हॉट्सअॅपवरचा निरोप आपल्या ओळखीच्या माणसांपुरताच राहतो, आणि दोन दिवसांत नव्या निरोपांखाली गाडला जातो. नव्या गिऱ्हाइकाला तो शोधून सापडत नाही. संकेतस्थळावर लिहिलेले पाच वर्षांनीही सापडते. आता तर देवनागरीत ‘.भारत’ असा पत्ता घेण्याची सोय २०१४ पासून झालेली आहे. दुकानाची पाटी मराठीत असावी असा आग्रह आपण धरतो. मग संकेतस्थळाचा पत्ता आणि मजकूरही मराठीत का नसावा?

काय लिहावे, कसे लिहावे?

आरंभ अगदी सोपा आहे. येत्या आठवड्यात गल्ल्याजवळ एक कागद ठेवा आणि गिऱ्हाईक जे प्रश्न विचारील ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा. दहा प्रश्न जमले की दहा लेखांचे विषय मिळाले. पंधरवड्याला एक लिहिले, तरी पाच महिन्यांचे काम झाले. लेख चार-पाच परिच्छेदांचा पुरे. आपण तोंडी जसे समजावतो तसेच लिहावे. सोबत आपल्याच दुकानातील, आपण काढलेले छायाचित्र असावे. शेवटी नाव, पत्ता आणि तारीख द्यावी. तारखेवरून वाचणाऱ्याला कळते की दुकान जागे आहे.

हंगाम आणि प्रसंग पाहून लिहिलेले लेखन फार उपयोगी पडते. आपण कृष्णाकाठची माणसे. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण भोगले आहेत. पूर ओसरल्यावर घरोघरी एकच घाई असते, पंप आणि फ्रीज चालू होतात का ते पाहण्याची. मोटार दुरुस्त करणाऱ्या आपल्या बांधवाला ठाऊक असते की, बुडालेली मोटार वरून कोरडी दिसली तरी आत वाइंडिंगमध्ये ओल असते. ती उघडून, स्वच्छ पाण्याने धुऊन, पुरती वाळवून, मेगरने तपासल्याशिवाय तिला वीज देऊ नये. नाहीतर मोटार जळते आणि कधी माणसाच्या जिवावरही बेतते. एवढी एक गोष्ट त्याने पावसाळ्याआधी दहा ओळींत लिहून ठेवली, तर कित्येक घरांचे नुकसान टळेल. असे लिहिणे ही व्यवसायाची जाहिरात आहे की समाजाची सेवा? माझ्या मते येथे दोहोंतील सीमारेषाच पुसली जाते. ज्याने संकटात खरी माहिती दिली, त्याच्याकडे लोक आपणहून येतात.

दुसरी गोष्ट, खरे लिहावे. कोणता माल कोणी घेऊ नये हेही लिहावे. “तुमचे कुटुंब दोघांचे असेल तर हा मोठा मिक्सर घेऊ नका” असे लिहिणाऱ्या दुकानदारावर गिऱ्हाईक आयुष्यभर विश्वास टाकते. किमतीविषयी मौन बाळगू नये. नेमका आकडा बदलत असेल तर साधारण किती खर्च येतो आणि तो कशामुळे कमीजास्त होतो, ते सांगावे. अतिशयोक्ती मात्र कटाक्षाने टाळावी. हळदीची थोरवी सांगताना अमुक असाध्य रोग बरा होतो, असे दावे करू नयेत. कर्करोग, मधुमेह यांसारखे आजार बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. कायदा नसता तरी ते अनुचितच ठरले असते. जे खरे आहे तेच पुष्कळ आहे.

तिसरी गोष्ट थोडी तांत्रिक आहे, पण महत्त्वाची आहे. आपल्याकडे पत्रके छापखान्यात जुन्या पद्धतीच्या अक्षरटंकात तयार होतात आणि तीच चित्र म्हणून संकेतस्थळावर चढवली जातात. माणसाला ती वाचता येतात, पण शोधणाऱ्याला त्यांतील मजकूर सहसा सापडत नाही. म्हणून मजकूर युनिकोड मराठीत टंकलिखित केलेला असावा. आणि दुसऱ्याचे उतरवून कधीही घेऊ नये. आपल्या नावाच्या पाटीखाली दुसऱ्याचा माल ठेवण्यासारखेच ते आहे.

काही शंका

वेळ नाही, ही पहिली शंका. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक तुरळक असते. पंधरवड्यातली एक दुपार यासाठी काढता येईल. लिहिता येत नाही, ही दुसरी. मग सांगावे आणि घरातील मुलाने, सुनेने किंवा लेकीने ते उतरवून घ्यावे. यात आणखी एक लाभ आहे. दुकानात न बसणारी पुढची पिढी या निमित्ताने व्यवसाय समजून घेते. स्पर्धकाला आपली गुपिते कळतील, ही तिसरी. जे गिऱ्हाइकाला रोज मोकळेपणाने सांगतो, ते गुपित कसले? मसाल्याचे प्रमाण लिहू नका. मसाला कसा साठवावा ते लिहा.

चौथी शंका मात्र रास्त आहे. याने लगेच गिऱ्हाईक येते का? नाही. आज लिहिले आणि उद्या रांग लागली, असे होत नाही. कित्येक महिने कोणी विचारणार नाही. आणि माल वाईट असेल, वागणूक तुसडी असेल, तर कितीही लिहिले तरी दुकान वाचणार नाही. ही आंब्याची लागवड आहे, मेथीची नव्हे. ज्याला पहिल्या वर्षी फळ हवे त्याने या वाटेला न गेलेले बरे.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेकांची मुले पुण्या-मुंबईत, बंगळुरूत किंवा परदेशात आहेत. गादीवर बसायला कोणी नाही, ही व्यथा घराघरात आहे. दुकानाचे शटर शेवटचे खाली येते, तेव्हा माल विकला जातो, जागा विकली जाते, जमाखर्च मिटतो. पण चाळीस वर्षांची पारख मात्र कोणाच्याही हाती न लागता नाहीशी होते. व्यक्तीचे ते नुकसान आहेच, त्याहून अधिक ते गावाचे आणि समाजाचे नुकसान आहे. तिसरी वही भरलेली असेल, तर निदान ती पारख तरी मागे उरेल. दुसरा एखादा होतकरू तरुण ती वाचून उभा राहील.

रोजकीर्द आणि खतावणी आपण सरकारसाठी आणि स्वतःसाठी लिहितो. ही तिसरी वही समाजासाठी लिहायची आहे. येत्या पाडव्याला जेव्हा नवी वही उघडाल, तेव्हा तिचेही पहिले पान लिहा. पहिल्या पानावर काय लिहायचे, असा प्रश्न पडला तर शेवटचे गिऱ्हाईक काय विचारून गेले ते आठवा.